कंट्रोल ग्रुपमधली मावशी

चिठ्ठ्या उचलण्याआधी मी देवाला हात जोडले होते. मागणं एवढंच, की वीसच्या वीस बायका येऊ देत. मावशीची चिठ्ठी कुठे जाईल हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

मावशी कुंभारीत आमच्या शेजारी राहते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ती मशीनवर टॉवेलच्या कडा शिवायची. तिचा नवरा तिथेच दुसऱ्या पाळीला लूमवर असायचा आणि तो येईपर्यंत दार उघडायला ती जागी राहायची. मग एके दिवशी तो वारला. तिचे कान मात्र दारापाशीच राहिले. "डोळा लागला की दार वाजल्यागत हुतंय बघ," म्हणायची. दिवसा चेहरा पार उतरलेला असायचा.

एम. ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मला प्रकल्पाचा विषय तिच्यावरूनच सुचला, कामगार बायकांची झोप. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव आवळायचा आणि सैल सोडायचा, असा एक साधा व्यायाम. तो सहा आठवडे केला तर झोप सुधारते का, ते पाहायचं. आदल्या वर्षी माझा प्रकल्प बोंबलला होता, कारण कॉलेजच्या पोरांनी प्रश्नावल्या एकमेकांच्या बघून भरल्या होत्या. यंदा चुकलं तर पदवीवर पाणी सोड, असं मार्गदर्शक मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं. मी इतकी घाबरले होते की जेवण जायचं नाही. स्वतःला धरून वीस बायका मावशीनेच गोळा केल्या. एकेकीच्या मशीनपाशी जाऊन "आमची पोरगी हाय, लई हुशार हाय," असं सांगत फिरली बिचारी.

दहा जणींना व्यायाम शिकवायचा आणि उरलेल्या दहा जणींना, म्हणजे कंट्रोल ग्रुपला, सहा आठवडे काहीच नाही. कोण कुठे, ते चिठ्ठ्यांवर. जेवणाच्या सुट्टीत टॉवेलच्या गठ्ठ्यांत बसून मी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या हलवल्या. मावशी कंट्रोल ग्रुपमध्ये गेली.

बायकांना हे भिशीसारखं वाटलं. आज तुझी चिठ्ठी, पुढच्या खेपेला माझी. मीही "सहा आठवड्यांनी तुम्हालाही शिकवते" म्हणून मोकळी झाले. वर सगळ्यांना शपथ घातली, की एका गटानं सांगायचं नाही आणि दुसऱ्यानं विचारायचं नाही.

चिठ्ठी बदलता आली असती. मी मॅडमना फोनही केला. "एक चिठ्ठी हलवलीस की सगळा प्रयोग खोटा," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. मी खरेपणाने वागले आणि मला त्याचा अभिमान वाटला, हे आज आठवलं की माझी मलाच चीड येते.

चौथ्या आठवड्यात मावशी आमच्याकडे आली ती बोटाला चिंधी बांधून. शिवताना डुलकी लागली आणि सुई बोटात घुसली.

"माझा नंबर कवा लागंल गं?" तिनं विचारलं.

मी उलट विचारलं, "मावशी, तू मधेच सोडणार नाहीस ना?"

"न्हाय गं. शब्द दिलाय की."

पंधरा मिनिटांचं काम होतं. आमच्या ओट्यावर बसून शिकवता आलं असतं.

सहा आठवडे संपले. प्रश्नावल्या भरून घेतल्या, सरासरी काढली. दोन्ही गटांत जवळजवळ फरकच नाही, दोन्हीकडे झोप सुधारलेली! मी उशीत तोंड खुपसून रडले, वर्ष पुन्हा हातचं गेलं म्हणून. मॅडम म्हणाल्या, फरक नाही हेही लिहिता येतं, पण आधी कारण शोध. म्हणून कारखान्यात जाऊन विचारलं, तर बायका हसायलाच लागल्या.

"आठ दिसांतच सगळ्यांना शिकवलं की आमी," एकजण म्हणाली. "शेजारची तळमळत ऱ्हाणार आन् आपण गुमान झोपायचं व्हय?"

माझं डोकंच फिरलं. शपथ घेतली होती ना या बायांनी! "सगळ्यांना सांगितलंत?"

"मावशी सोडून. तिला सांगाया गेलो तर कानावर हात ठिवायची. पोरीचं वाटुळं हुईल म्हणायची."

घरी येऊन तिचा कागद शोधून काढला. मी नुसती सरासरी बघितली होती, कागद कुणी नीट वाचलेच नव्हते. तिची झोप आधीपेक्षा कमी झाली होती. माझ्या अख्ख्या प्रयोगात नियमाप्रमाणे वागलेली कंट्रोल ग्रुपमधली ती एकटीच. आणि प्रश्नावल्या गोळा करून पंधरा दिवस झाले तरी तिला शिकवायचं राहिलंय, हे मला आठवलंही नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिच्याकडे गेले. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

"लागला व्हय माझा नंबर?" म्हणत तिनं हसून चटई अंथरली.

मी हळूहळू सांगत गेले. पायाची बोटं, पोटऱ्या, पोट. हाताची मूठ आवळताना दुखऱ्या बोटानं तिचं तोंड वाकडं झालं, पण तिनं मूठ सोडली नाही. कपाळापर्यंत आले तेव्हा तिचा श्वास संथ चालला होता, चेहरा सैल पडला होता. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. पायांचा आवाज न करता उठले, बाहेर आले आणि हळूच दार ओढून घेऊ लागले.

"दार उघडंच ऱ्हाऊ दे, पोरी," मावशी आतून म्हणाली.