बस स्टॉपवरची म्हातारी आणि एक अडलेलं लग्न

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार माणसं एखादी गोष्ट नको तितकी सिरियसली घ्यायला लागली, की ते दाराबाहेरच्या चपलांसारखे आपोआप साठतात. आमच्याकडे दर रविवारी दोन्ही साठतात. नवरा म्हणतो, "वैशाली, एकदा लिहून काढ. म्हणजे मला तरी परत ऐकावं लागणार नाही."

तर आमचा ग्रुप 'परवा' नावाच्या वेबकॉमिकचा. दर बुधवारी फोनवर एक भाग येतो, फुकट. नेरूळच्या एका बिल्डिंगमधला लिफ्टमन सुबोध, आणि त्याची लिफ्ट मजल्यावर थांबायच्या ऐवजी सालात थांबते. दार उघडलं की कधी बाहेर जुनी मिठागरं, तर कधी शंभर वर्षांनंतरचं नेरूळ आणि गुडघाभर खाडीचं पाणी.

हे सगळं कसं होतं यावर डोकं चालवायला आम्ही चौघं. मी ऐरोलीच्या एका बॅक ऑफिसात. सावंतसाहेब बेलापूरच्या सरकारी कचेरीत, रिटायरमेंटला टेकलेले. निनाद सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेतो. आणि केतकी, तळोजाच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये.

*

सुरुवातीला आम्ही सोसायटीचा हॉल मागितला होता. सेक्रेटरींनी विचारलं, "कशासाठी?"

सावंतसाहेब म्हणाले, "भविष्यात जाता येतं का, यावर चर्चा."

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. "जा की. मेंटेनन्स भरून जा."

तेव्हापासून आम्ही माझ्याच घरी बसतो.

*

म्हातारी शोधली निनादनं. 'परवा'च्या प्रत्येक भागात बिल्डिंगबाहेर एक बस स्टॉप दिसतो, आणि त्या स्टॉपवर एक म्हातारी. हिरवी साडी, हातात जांभळी पिशवी. आजच्या काळात तीच, शंभर वर्षांनंतरही तीच. पाण्यात उभी, पण साडी कोरडी ठाक! निनादला तर झोप लागेना. त्यानं जाहीर केलं की ही म्हातारी साधी नाही, ती काळातून फिरते, आणि फिरून फिरून त्याच जागी येते. ही झाली 'चक्र' थिअरी.

केतकी म्हणाली, "काहीतरीच. काळाला फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यात वेगळी म्हातारी आहे." ही 'फाटे' थिअरी.

मी म्हटलं, "ते सगळं ठीक आहे, पण मिठागरांच्या काळात तिथे बस स्टॉप कुठून आला? आसपास एक घर नाही."

सावंतसाहेबांनी चहा संपवला आणि म्हणाले, "त्यात काय? आमच्याकडे स्टॉप आधी मंजूर होतो. वस्ती मागून येते."

*

पुढे चक्रवाले आणि फाटेवाले यांच्यात इतकं वाजलं की ग्रुप फुटला. माणसं चार, ग्रुप दोन. 'परवा प्रेमी' आणि 'परवा प्रेमी (मूळ)'. मी दोन्हींत होते, कारण चहा माझ्याकडे. सावंतसाहेबही दोन्हींत, कारण त्यांचं प्रकरण अजून विचाराधीन होतं. म्हणजे भांडण सोडलं तर दोन्ही ग्रुप सारखेच होते.

आणि त्या भांडणातच निनाद-केतकीचं जमलं. रात्रंदिवस एकमेकांना खोटं पाडायचं म्हणजे रात्रंदिवस बोलावं लागतंच. एका रविवारी माझ्यासमोर, हातात चकली, निनाद केतकीला म्हणाला, "कुठल्यातरी फाट्यात आपलं लग्न झालेलं असेल."

केतकीनं डोळे बारीक केले. "म्हणजे तू फाटे मान्य केलेस?"

"एवढ्यापुरते."

मला खरंच भरून आलं हो. दोन्ही ग्रुप त्याच दिवशी बंद झाले.

*

अडलं ते केतकीच्या आईपाशी. काकू मूळच्या साताऱ्याच्या, शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेलं, नवरा लवकर गेला, मुलीला एकटीनं वाढवलेलं. केतकीचं म्हणणं स्पष्ट होतं, "आई मनापासून हो म्हणेल तरच. तिला दुखवून मला काही नको."

म्हणून कोपरखैरण्याला काकूंच्या घरी पोहे. निनादचे आईवडील गावी होते, तर मोठी माणसं म्हणून मी आणि सावंतसाहेब. काकूंनी विचारलं, "रिकाम्या वेळात काय करतोस?"

आता क्रिकेट म्हणावं, वाचन म्हणावं. या गाढवानं फोन काढला आणि काकूंना म्हातारी दाखवली. सगळे काळ दाखवले. कोरडी साडी दाखवली. अर्धा तास! पोहे पार गार झाले. शेवटी म्हणाला, "काकू, तुम्हाला काय वाटतं, ती तिथे का उभी असेल?"

काकू म्हणाल्या, "बस येत नसेल."

केतकीनं कपाळाला हात लावला. निनाद हळूच म्हणाला, "काकू, इतकं सोपं नसतं ते."

झालं. काकूंनी बशी खाली ठेवली. "हे बघ बाळा, ही तुझी म्हातारी खरंच काळातून फिरणारी निघाली तर मी उद्या साखरपुडा करते. आणि बसच्या स्टॉपवर बसचीच वाट बघत असली, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. समोर दिसतंय ते ज्याला दिसत नाही, त्याला मी मुलगी कशी देऊ?"

"आई, माझं लग्न तू एका चित्रातल्या म्हातारीवर ठरवणार?"

"मी नाही आणली तिला घरात," काकू म्हणाल्या.

*

मग आम्ही थेट चित्रकाराला गाठायचं ठरवलं. 'परवा' काढणारे राणे बेलापूरला एका वकिलाकडे टायपिंग करतात आणि जेवणाच्या सुट्टीत चित्रं काढतात, हा शोध सावंतसाहेबांचा. आम्ही चहाच्या टपरीवर राण्यांना घेरलं. निनादनं विचारलं, "ती म्हातारी कोण आहे?"

राणे म्हणाले, "कोणती म्हातारी?"

निनादनं फोन पुढे केला. राण्यांनी एक भाग बघितला, दुसरा बघितला, आणि त्यांचे कान लाल झाले. "अहो, हे बॅकग्राउंड मी एकदाच काढलंय. स्टॉप, झाड, सगळं. दर भागात तेच उचलून चिकटवतो. ही बाई त्यात राहून गेली वाटतं."

इतक्या रविवारांचा चहा माझ्या डोळ्यांसमोरून गेला. निनाद मात्र ताठ उभा होता. "राणे, तुम्हाला तुमचं कॉमिक कळलेलं नाही."

सावंतसाहेबांनी राण्यांना बाजूला घेऊन लग्नाची सगळी हकीकत सांगितली. एका पोराचं आयुष्य अडकलंय, म्हातारीचं काहीतरी करा. राण्यांनी चहा संपवला, म्हणाले, "बघतो."

बेलापूरमध्ये 'बघतो' म्हणजे काय, हे सावंतसाहेबांइतकं कुणाला ठाऊक?

*

बुधवारी भाग आला. सुबोध लिफ्टमधून बाहेर येतो, रस्ता नेहमीचा, स्टॉप नेहमीचा. आणि लांबून बस येते. थांबते. म्हातारी पिशवी सावरत चढते. भाग संपला.

उभी होती कशासाठी, तर बससाठी. मी ऑफिसात बसून त्या राण्याला मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे लिहिता येणार नाही. केतकीचा फोन आला, ती नुसती रडत होती.

रविवारी निनाद म्हणाला, "मी काकूंना सांगून येतो. हरलो ते तोंडावर सांगायला पाहिजे." एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मी आणि सावंतसाहेबही गेलो. काकूंनी दार उघडलं. केतकी आत पोहे करत होती, डोळे सुजलेले.

निनाद बसलासुद्धा नाही. "काकू, तुमचं बरोबर होतं. ती बसचीच वाट बघत होती. बस आली." आणि त्यानं फोन पुढे केला.

काकूंनी चष्मा लावला. शाळेत पेपर तपासायच्या तसं त्यांनी ते चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं. मग दोन बोटांनी मोठं केलं. बराच वेळ बघितलं.

"दारातून चढतेय ती कोण?" त्यांनी विचारलं.

"म्हातारी," निनाद म्हणाला.

"आणि मागच्या खिडकीत आधीच बसलीय ती?"

आम्ही तिघंही त्या फोनवर वाकलो. हिरवी साडी. मांडीवर जांभळी पिशवी.

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. "केतकी, पोह्यांवर खोबरं घाल जरा. आणि याच्या आईचा नंबर दे मला."