ताकिदा बंद, सासरे पहिले

आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात धूळ आणि किस्से सारखेच साचायचे. धुळीसाठी रोज फडकं मारणारा माणूस होता. किस्से तसेच राहिले, आणि बहुतेकांत गाढव मीच आहे, त्याला काय करणार!

नव्वदीतली गोष्ट, शेवगावपासून तासाभरावरचा कारखाना. माझं काम एकच, उसाच्या लागणीच्या तारखेप्रमाणे तोडीची यादी काढायची. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन जातं. त्यामुळे यादीवर सगळ्यांचा डोळा. त्यात माझ्या सासऱ्यांचाही तीन एकर ऊस. यादी चुकली तर नोकरी जायची, आणि बरोबर निघाली तरी सासरवाडीला तोंड दाखवायचं होतंच.

* * *

पुण्याहून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. जुना प्रोग्राम तिच्यावर चालवला आणि स्क्रीनवर इंग्रजीत ताकिदांची रांग लागली. ‘ही आज्ञा जुनी झाली, पुढच्या आवृत्तीत बंद होईल.’ मोजल्या तर दोनशे बारा! शेतकी अधिकारी शिंदेसाहेब मागेच उभे.

"हे काय म्हणतंय?"

"काही नाही साहेब, पुढच्या वर्षीचं म्हणतंय."

"मग पुढच्या वर्षी बघू!"

मला तर हायसंच वाटलं.

* * *

त्या ताकिदा प्रिंटरवरही उमटायच्या, नावांच्या मधेच. एक शेतकरी यादी नाचवत आला. "माझ्याच नावाखाली विंग्रजीत काय लिवलंय? शेजाऱ्याच्या न्हाई. त्यानंच लावालावी केली आसंल!"

"काका, ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे."

"मंग तुमच्या नावाखाली छापा की!"

बरोबरच होतं त्यांचं.

* * *

मग माझी अक्कल चालली. जाडजूड मॅन्युअलमध्ये एक ओळ सापडली, ती टाकली की ताकिदा दिसतच नाहीत. टाकली! स्क्रीन एकदम स्वच्छ.

माझ्या शेजारी बसणाऱ्या अशोकने विचारलं, "दुरुस्त केल्यास?"

"बंद केल्या."

"म्हणजे दुखणं तसंच, नुसतं ओरडणं थांबवलंस."

आगाऊ माणूस! शिंदेसाहेबांनी मात्र मीटिंगमध्ये मला उभं करून टाळ्या वाजवल्या, आणि मीही मान खाली घालून त्या घेतल्या. लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

* * *

वर्षभराने पुढची आवृत्ती आली आणि जुन्या आज्ञा खरंच बंद झाल्या. प्रोग्राम अडला असता तर बरं झालं असतं. तो गुपचूप चालला, फक्त काही गावांच्या लागणीच्या तारखा कोऱ्या सोडल्या. कोरी तारीख त्याच्या हिशेबी सगळ्यात आधीची. आणि कोऱ्या तारखांची रांग लागली आडनावाप्रमाणे. माझे सासरे अकोलकर!

बॉयलर पेटवायच्या दिवशी, पूजेला सगळे सभासद जमलेले असताना, बोर्डावर यादी लागली. एक नंबरला मामा, म्हणजे माझे सासरेच.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "व्हय, जावई कॉम्प्युटरवर बसल्यावर आनखी काय हुनार!"

शिंदेसाहेबांना मी अर्धा तास समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे मशीन बिचारं वर्षभर सांगत होतं, आणि तुम्ही त्याचं तोंड बांधलंत?"

"हो."

"चारच्या आत खरी यादी लावा. मग तुमचं बघतो."

नोकरी गेली असंच मी धरून चाललो. कोऱ्या राहिलेल्या तारखा अशोकने जुन्या नोंदींतून वाचून दाखवल्या आणि मी त्या भरल्या.

* * *

चारला खरी यादी लागली. मामा एकशे त्रेचाळिसावे. आणि नेमके तेव्हाच मामा पेढ्यांचा पुडा घेऊन आले, निम्म्या गावाला वाटून उरलेला.

बोर्डावर वरून बोट फिरवत ते खाली खाली गेले. मग सरळ शिंदेसाहेबांच्या टेबलापाशी आले. मी शेजारीच बसलो होतो, पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"साहेब, एक इनंती हाय. आमच्या जावयाला कामावरनं काडू नका."

"नाही हो, काढत नाही. माणूस चुकतो."

"तसं न्हाई म्हनत मी," मामा म्हणाले. "पल्याड त्या विरोधी पार्टीचा कारखाना हाय ना, तिथं धाडून द्या!"