पडद्यावरचा हमाल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलांना नाही. जिला सांगायला हवं होतं ती गेल्या माघात गेली. आता सांगून काय, असं तुम्ही म्हणाल. तरी ऐका.

माझा थोरला भाऊ नामा लढाईच्या दिवसांत पळसदरी सोडून मुंबईच्या गोदीत गेला आणि बोटीवर खलाशी झाला. पुढे बोट बुडाल्याचं कळलं. प्रेत कुठलं मिळायला? लढाई संपल्यावर आईनं ठरवलं, वैनीचा पाट माझ्याशी लावायचा. मी खाली मान घालून हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? वैनी घरात आली तेव्हापासून माझ्या मनात होती.

पाट तोंडावर आला असताना शिळफाट्याला तंबूतला सिनेमा आला. गावातनं बैलगाडी निघाली, आम्हीही गेलो. सिनेमा इंग्रजी. भलंमोठं हॉटेल, तिथे उतरलेली नाना तऱ्हेची माणसं — लग्न मोडून आलेली एक मडम, शेजारच्या खोलीतला वाजंत्री, ओळख न दाखवणारे नवरा-बायको. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या गोष्टीत गुंतलेली. भाषा कळत नव्हती, पण कोण कुणासाठी झुरतंय ते कळत होतं.

आणि हॉटेलच्या दारात एक हमाल आला. त्यानं ट्रंक आधी गुडघ्यावर टेकवली, मग हिसका देऊन खांद्यावर घेतली — भाताचा भारा घ्यावा तशी. डाव्या भुवईत विळ्याची खोक. नामा! ट्रंक आत नेऊन ठेवली, मान वळवली आणि सरळ तंबूत बायका बसल्या होत्या तिकडे पाहिलं.

बोट सोडून परमुलखात राहिलेले खलाशी असतात, हे मी ऐकून होतो.

परतताना गाडीत आई पेंगत होती. वैनी हळूच म्हणाली, "भावजी, तो ट्रंक उचलनारा पायलात?"

एक शब्द — एवढाच तर हवा होता. आणि मी?

"त्यांच्याकडचा कुनी आसंल. आपला नाय."

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. खात्री करायला? नाही — तो नामा नसावा, एवढंच मागायला. हमाल आला. ट्रंक ठेवली, मान वळवली. या खेपेला त्यानं बायकांकडे पाहिलं नाही. मी बसलो होतो तिथे पाहिलं. मी डोळे मिटले, तरी तो पाहतच होता. तीच फिल्म एका दिवसात बदलते का? तंबूवाल्याला मी सिनेमाचं नावसुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं, तर शोध घ्यावा लागला असता.

पाट लागला. पितृपक्षात मी नामाच्या नावानं पान वाढून कौलांवर ठेवलं. जिवंत माणसाचं पान तर वाढत नाही ना मी? पण कावळा लगेच उतरला. आणि मला — कसं सांगू — आनंद झाला. भाऊ मेला असल्याचा आनंद.

ती मागे उभी होती. पदर सावरत म्हणाली, "भुकेला आसंल कावला."

त्यानंतर आम्ही उभा जन्म एका घरात काढला. मी तिला खरं सांगितलं नाही.