धाकट्याच्या पाठीवरचा हात
विडीचा वास आला की नागपूरच्या इस्पितळाचा तो व्हरांडा आठवतो. धाकट्या भावाला धाप लागे, डोळेही पिवळे झाले होते. रक्तातले एक प्रथिन जन्मतःच कमी आहे, हा दोष आईवडिलांकडून येतो आणि फुप्फुसे व यकृत दोन्ही पोखरतो, असे डॉक्टर म्हणाले. तपासणीत माझे रक्त निर्दोष निघाले. त्याचे कौतुक मात्र कोणालाच नव्हते. आई धाकट्याचीच पाठ चोळत राहिली आणि मी दाराशी विडी ओढत धुमसत होतो. “काहून जळून राहिला गा भाऊ?” तो धापा टाकत म्हणाला. “मायचा हात तू घे, तुहा दम मले दे.” कचेरीपुढे लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या माझ्या हाताने विडी भिंतीवर विझवली. तो गेला. आई आता माझ्याकडे असते. दुपारी डुलकी लागली की तिचा हात गादीवर त्याचीच पाठ चोळतो, आणि मी शेजारी बसून पाहतो.