धाकटं मागं राहिलं असं धरायचं

कुठलंही कलम शिकवून झालं की सर खडू खाली ठेवत, चष्मा कपाळावर सरकवत आणि समोरच्या एकाला विचारत, "तुमच्याकडं कसं हाय?" किनवटचा पोरगा असो, केनियाची पोरगी असो की येमेनचा सालेम, प्रश्न हाच. नांदेडच्या त्या लॉ कॉलेजात तुम्ही बसला असता तर तुम्हीही सुटला नसता. परदेशी पोरांना मराठी एवढंच येई. चहाच्या टपरीवर ती एकमेकांना तेच विचारत.

पेपर तपासताना मात्र सर कसाई. "गावाकडचा कायदा वर्गात सांगा. पेपरात इथलाच."

मी त्यांच्या हाताखाली नवा मास्तर होतो. भूकंपात सरांची आई आणि शाळकरी लेक निलंग्याकडच्या घरात एकाच भिंतीखाली गेल्या. गणपतीला म्हणून गेल्या होत्या. सर पुन्हा शिकवू लागले, पण ओझं उचलल्यासारखं. वारसा कायद्यातलं एक कलम ते "घरी वाचा" म्हणून सोडून देत. दोघं एकदम गेली, आधी कोण ते कळलं नाही, तर धाकटं मागं राहिलं असं धरायचं, असं ते कलम.

पुढं कोचिंगचं पेव फुटलं. इथली पोरं हजेरी लावून क्लासला पळत. वर्गात उरली परदेशी चार टाळकी आणि मागच्या बाकावर मी. एकदा सालेम म्हणाला, "सर, वो दफा पढाइए. घर पे समझ में नहीं आई."

सरांनी शिकवलं. मग सवयीनं विचारलं, "तुमच्याकडं कसं हाय?"

"हमारे यहाँ कोई पीछे नहीं रहता, सर. दोनों साथ गए, ऐसा मानते हैं."

सर खुर्चीत बसले. "लई चांगलं हाय," म्हणाले. मग माझ्याकडं बघून हळूच, "धाकटं मागं म्हणजे, आजी गेल्यावर ती एकटीच होती की हो. अंधारात."

मी उठून फळा पुसायला घेतला.

सर निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या चाचणीत तोच प्रश्न होता. सालेमनं हिंदू घराच्या वारशाला आपल्या देशाचा नियम लावून टाकला होता: दोघं सोबतच गेली. सर बराच वेळ त्या उत्तरावर बोट ठेवून बसले. मग पेपर माझ्याकडं सरकवला.

"तुम्ही बघा. माझा हात चालंना झालाय."

मी काट मारली. दुसरं काय करणार?

सरांनी ती काट पाहिली, मान हलवली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "लहानच होती ती."