गच्चीवरचे शेवटचे कापड

२१ एप्रिल, मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. बुटीबोरीच्या एका रंगनिर्मिती कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलापाशी, मी रंगवलेल्या पत्र्याची चमक मोजत होते. बाबांचा फोन आला. कामाच्या वेळी ते कधीच फोन करत नाहीत. "बेटा, कुंदाताई गेली," ते म्हणाले. मी हातातले मोजमाप पूर्ण केले, आकडा नोंदवला, उपकरण पुसून डबीत ठेवले आणि मगच बॅग उचलली. असे का केले, याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही. गेल्या काही आठवड्यांत उत्तर न सापडलेल्या प्रश्नांत तो सर्वांत लहान आहे.

कुंदाआत्या ही बाबांची थोरली बहीण. नागपुरातल्या इंदोऱ्यात पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहत असे. खाली घरमालकीण पुष्पाकाकू, वर उघडी गच्ची. प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख 'वस्त्रकलावंत' असा होई आणि मोहल्ल्यात 'त्या चादरीवाल्या बाई' असा. दोन्हींपैकी कोणतेही नाव तिने कधी दुरुस्त केले नाही. त्या सकाळी तिने गच्चीवर नवे कापड अंथरले, खाली आली आणि कूलरसमोर बसली. पुष्पाकाकू थोडा कढीपत्ता मागायला वर आल्या, तेव्हा कूलर चालू होता, ती खुर्चीत होती आणि हाकेला ओ देत नव्हती. डॉक्टरांनी हृदयाचे कारण सांगितले.

तिचे काम ज्यांनी पाहिले नाही, त्यांना ते थोडे समजावून सांगायला हवे. ती कोरे सुती कापड वनस्पतींच्या कच्च्या रंगात रंगवी, गच्चीवर ताणून चार कोपऱ्यांवर विटा ठेवी आणि मधे घरातली एखादी वस्तू मांडे: परात, पुरणाची चाळणी, कूलरची जुनी जाळी, एकदा तर बाबांचे फाटके बूट. नागपूरचे ऊन उघड्या भागाचा रंग उडवून नेई. वस्तू उचलली, की तिच्या खालचा रंग तसाच राहिलेला असे आणि कापडावर तिची गडद, कडांना किंचित थरथरणारी आकृती दिसे. सूर्य दिवसभर सरकतो, त्याबरोबर सावलीही सरकते. ती थरथर त्यामुळे येई.

ही कल्पना तिला एका पडद्यावरून सुचली. मुलींना शिवणकाम शिकवणाऱ्या संस्थेत ती नोकरीला होती. एका सुट्टीत तिने वर्गाचे पडदे धुवायला काढले, तर खिडकीला चिकटून राहणाऱ्या निळ्या पडद्यावर गजांच्या उभ्या पट्ट्या उमटलेल्या होत्या. धुतल्यावरही त्या गेल्या नाहीत. तो पडदा तिने घरी आणला आणि मला, आठवीतल्या मुलीला, विचारले, "हे काहून झालं असन वं? तू विज्ञानवाली ना?" मी शाळेच्या ग्रंथालयात जाऊन उत्तर शोधून आणले: उन्हाने रंगाचे रेणू तुटतात, गजांच्या आड होते तेवढे वाचले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि पडदा पुन्हा उजेडाकडे धरला. "म्हणजे हे उन्हानं केलं," ती म्हणाली. "मंग आपण सांगू ते करन का ऊन?" ज्या प्रश्नाचे उत्तर स्वतःलाच ठाऊक नाही, असा प्रश्न मला विचारणारी ती पहिली मोठी व्यक्ती. रसायनशास्त्र का निवडले, असे मुलाखतीत विचारतात तेव्हा मी दुसरेच काहीतरी सांगते. खरे उत्तर तो पडदा आहे.

कापड ती कामठीहून आणी. शेअर ऑटोत बसून यंत्रमागवाल्यांकडे जायचे, कोरा मांजरपाट बोटांत चुरगाळून पाहायचा आणि खळ जास्त वाटली तर तसे त्यांच्या तोंडावर सांगायचे, हा तिचा शिरस्ता. घरी आल्यावर सोडा घालून, उकळून खळ काढायची, कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, तुरटीत बुडवायचे आणि मग रंग. आरंभी ती फक्त हळद वापरी. आमच्याकडच्या उन्हात हळद एक-दोन दिवसांत उतरते. तिची बोटे कायम पिवळी असत. एकदा ती रक्त तपासायला गेली असता तिथल्या मुलाने तिचा तळवा पाहून काविळीचीही तपासणी सुचवली. तिने होकार दिला, कारण त्याचा चेहरा फार गंभीर झाला होता आणि तिला त्याचे मन मोडवेना. नंतर ती पळसाकडे वळली. फाल्गुनात एसटीने उमरेडच्या रस्त्याला जाऊन गळलेली फुले ती पिशवीत भरून आणी, वाळवी, उकळी. हा रंग हळदीपेक्षा सावकाश उडतो. कारखान्यात रुजू झाल्यावर मी मोठ्या अभिमानाने तिला एक पक्का पिवळा रंग आणून दिला. त्यात रंगवलेले कापड तिने महिनाभर गच्चीवर ठेवले आणि मग मला बोलावून घेतले. "हा तं जातच नाही वं," ती म्हणाली. "मंग मी काय करू?"

तिच्या सर्वांत गाजलेल्या कापडाचे अर्धे श्रेय पुष्पाकाकू आजही मागतात. त्यांनी भिवापूरच्या मिरच्या आणल्या होत्या. गच्चीवर स्वच्छ कापड अंथरलेले दिसले, म्हणून त्यावर पसरून दिल्या. आत्या वर गेली, पाहत उभी राहिली आणि तिने मिरच्या तशाच राहू दिल्या. अडचण दुसऱ्या दिवशी आली, कारण मिरच्या वाळवायच्या तर त्या खालीवर कराव्या लागतात.

"हलवल्या नाही तं बुरसतीन ना वं कुंदा."

"अन् हलवल्या तं माहं काम जाईन."

"काम तुझं असन. मिरच्या माह्या होत."

अखेर तडजोड झाली: काकूंनी रोज फक्त एका बाजूच्या मिरच्या हलवाव्यात. त्यामुळे त्या कापडाच्या एका अर्ध्यावर प्रत्येक मिरची देठासकट दिसते आणि दुसऱ्यावर नुसता धूसर, हललेला पिवळेपणा. न हलवलेल्या मिरच्या खरोखरच बुरसल्या. कापड मात्र दिल्लीत टांगले गेले, जाणकारांनी त्याच्या दोन बाजूंविषयी बरेच लिहिले, आणि काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, की आमच्या मिरच्या दिल्लीले जाऊन आल्या.

रोज दुपारी चार वाजता चहाचा कप घेऊन आत्या गच्चीवर जाई, मांडलेल्या वस्तूचा एक कोपरा उचलून खाली डोकावे आणि तो जसाच्या तसा परत ठेवी. एखाद्या दिवशी "बस," म्हणून ती वस्तू उचलून घेई, काम संपले. हे 'बस' नेमके कधी, हा माझा प्रश्न होता. आमच्या प्रयोगशाळेतले हातात धरायचे रंगमापक मी परवानगी घेऊन सुट्टीच्या दिवशी घरी आणू लागले. कापडाला टेकवले, की ते पिवळेपणाचा आकडा दाखवते: कोरा मांजरपाट नऊच्या आसपास, ताजा पळस साठीच्या. वस्तूखालचा आकडा आणि उघड्यावरचा आकडा यांतल्या फरकाला काही नियम असणार, असे माझे गृहीतक होते. कित्येक कापडे मोजली. नियम निघाला नाही. कधी फरक डोळ्यांना जेमतेम जाणवत असतानाच ती थांबे, कधी सारे फिके होईस्तोवर वाट पाही. शेवटी मी तिलाच विचारले, की झाले हे तुला कळते कसे. "तुले पोट भरलं हे कसं समजते?" ती म्हणाली. "मोजून जेवते का तू?" त्या दिवसांत वजन कमी करण्यासाठी मी खरोखरच मोजून जेवत होते, आणि तसे तिला सांगितले. ती इतकी हसली, की चहा कापडावर सांडला. तो डाग अजून आहे. चहाचा रंग पक्का. उन्हाचे त्याच्यापुढे काही चालले नाही.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर गेले आणि तिचे शेवटचे कापड पाहिले. पळसाचे, खाटेएवढे मोठे, एक सुरकुती नाही, चार कोपऱ्यांवर चार विटा. आणि मधे काहीच नाही... तिच्या आजवरच्या एकाही कापडावर असे नव्हते. मांडायची वस्तू आणायला ती खाली आली होती आणि परत जाऊ शकली नाही? की या वेळी तिला काहीच मांडायचे नव्हते? दोन्ही शक्यता मी तपासून पाहिल्या. खोलीत टेबलावर कात्री, दोऱ्याची रिळे, चष्मा, अर्धी चिरलेली काकडी. बाजूला काढून ठेवल्यासारखे काहीही नाही. जिन्यातही काही नाही. पुष्पाकाकू आधी म्हणाल्या, की गच्चीवरून उतरताना ती जिन्यात दिसली, पण काहीच बोलली नाही. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी, पांढऱ्या साड्यांच्या त्या गर्दीत, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की ती 'थांब, येते' म्हणाली होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांना तिच्या हातात काहीतरी असल्याचे आठवू लागले. काकू खोटे बोलत नाहीत. त्यांनाही उत्तर हवे आहे, एवढेच.

त्या कापडाचे प्रत्येकाला काही ना काही करायचे होते. कन्हानहून आलेल्या एक मामी, बसायला सतरंज्या कमी पडल्या म्हणून, ते उचलून आणायला निघाल्या होत्या. काकूंनी त्यांना जिन्यातच अडवले. खुद्द काकूंचे मत असे, की रिकामे कापड पसरून ठेवू नये, निदान मिरच्या तरी टाकाव्यात. बाबा रोज विचारत, "काहून ठेवलं अजून वर? घडी करून आण. सारं पांढरं होऊन जाईन." दिल्लीहून प्रदर्शनाच्या आयोजकांचा फोन आला: आहे तसे द्या, आम्ही ते 'अपूर्ण' या नावाने लावू, न्यायला माणूस पाठवतो. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण तिच्या कामाच्या शेजारी इतकी वर्षे मीच उभी होते. आणि मला काहीच कळत नव्हते. कापड आत आणले, तर तिने सुरू केलेले काम मी मधेच तोडते. तसेच ठेवले, तर तिच्या हातचा शेवटचा रंग माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो.

निर्णय घेता येत नसेल तर मोजत राहावे, असे माझ्या शिक्षणाने मला शिकवले आहे. मी मोजत राहिले. पहिला आकडा घेतला तोवर दोन उन्हे उलटून गेली होती: बावन्न. म्हणजे आरंभाचा आकडा माझ्याकडे नव्हता, आणि ज्या नोंदींना आरंभ नाही त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, हेही मला चांगले ठाऊक होते. पुढे पंचेचाळीस, मग सदतीस... मेअखेरचे नऊ कडक दिवस, नवतपा, लागले आणि सत्तावीस. जुलैत मी संशोधनासाठी बंगळुरूला जाते आहे. त्यानंतर आकडे घ्यायलाही कोणी नसेल. कोऱ्या मांजरपाटाच्या नऊपर्यंत पोचलेले ते कापड माझ्या डोळ्यांसमोर येई. मग त्यावर कधीकाळी तिचा हात फिरला होता, हे कोणालाही सांगता येणार नाही, असे वाटे.

गेल्या रविवारी, आयोजकांचा माणूस येण्याच्या आदल्या दिवशी, कापड आत आणायचे असे पक्के ठरवून मी गच्चीवर गेले. बाबा दोरी आणि जुनी वर्तमानपत्रे घेऊन मागे उभे होते. चार वाजले होते आणि काकूंनी हातात दिलेला चहाचा कप तसाच माझ्या हातात होता. बहुधा त्या कपामुळेच, कापड ओढण्याआधी मी वाकले आणि जिन्याजवळच्या विटेचा एक कोपरा उचलला. खाली पळस होता... दाट, केशरीकडे झुकणारा, तिने त्या सकाळी वीट ठेवली तेव्हाचा. इतके आठवडे मी कापडाच्या मध्यभागी उपकरण टेकवत होते आणि आरंभाचा आकडा हरवला म्हणून हळहळत होते. तो चारही कोपऱ्यांवर, तिनेच ठेवलेल्या वजनाखाली, पडून होता. विटेखाली उष्णता पोचते, कडेने थोडा प्रकाशही शिरतो, हे मला माहीत आहे. पण याहून जवळ मला जाता येणार नाही.

"काय आहे वं?" बाबांनी विचारले. मी त्यांना पाहू दिले. ते गुडघ्यांवर हात टेकून वाकले. मग म्हणाले, "मंग? न्यायचं का आत?"

तिला काही मांडायचे होते की नव्हते, हे मला अजूनही माहीत नाही. विटा हेच तिचे चित्र होते, असेही मी म्हणणार नाही, कारण तसे म्हणायला पुरावा नाही. पण कापड आत नेण्याचे माझे एकच कारण होते, तिचा रंग वाचवणे; आणि तो वाचलेला होता. 'बस' म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता. आयोजकांना मी तिथूनच कळवले, की माणूस पाठवू नका, कापड अजून उन्हात आहे. बाबांनी दोरी खिशात घातली. रोज चार वाजता वर येण्याचे काम मी जाईपर्यंत माझे आणि नंतर त्यांचे, असे जिन्यात ठरले. पाऊस लागला तर काय, असे त्यांनी विचारले. तेव्हाचे तेव्हा पाहू, असे मी म्हटले, आणि असे उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदाच दिले.

मात्र खाली उतरण्याआधी मी रंगमापक त्या विटेएवढ्या तुकड्यावर टेकवले, आकडा लिहून घेतला, आणि मग वीट कडेला कड जुळवून होती तशी परत ठेवली. ६१.४.