भोपळ्याची हवाई छत्री

बायकोची मोरपंखी साडी इस्त्रीवाल्याने फाडली नाही. मी फाडली, आणि तीही एका भोपळ्यासाठी.

मला मोबाईलवर पॅराशूटच्या जुन्या प्रयोगांची माहिती पाहण्याचा नाद लागला होता. सुरुवातीला म्हणे छत्री पिशवीत भरून बलूनला टांगायचे. माणसाने उडी मारली की त्याच्या वजनाने ती बाहेर ओढली जायची. हे मला इतके पटले, की बायको कोपरगावला माहेरी गेल्याबरोबर मी भिंगारमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर चढलो.

साडीची टोके सुतळीने भोपळ्याला बांधली, साडी गोणीत कोंबली, गोणी कठड्याला टांगली. खाली कोणी नाही हे पाहून भोपळा सोडला. साडी निम्मी बाहेर आली आणि अडकली. भोपळा क्षणभर दुसऱ्या मजल्यासमोर लोंबकळला. मग टर्रकन आवाज झाला आणि भोपळा खाली पडून फुटला.

साडी झटकून मी गुपचूप इस्त्रीच्या गाठोड्यात घातली. हे माझे खरे पाप.

"वहिनी, आधीच फाटल्याली हुती," बायको माहेरहून परतल्यावर इस्त्रीवाला दारात तिला सांगत होता.

"तुमच्याच इस्त्रीने फाटली."

"इस्त्रीनं जळतं. फाटत न्हाई. आन् पदराला भोपळ्याची बी चिकटली हुती. मी काय भोपळ्यावर इस्त्री करतो व्हय?"

मी पेपरात तोंड खुपसून बसलो.

बायकोने इमारतभर सांगितले. पंधरा दिवसांत निम्मी गाठोडी दुसरीकडे जाऊ लागली. त्याची कोळशाची इस्त्री नुसती तापत राही आणि ऑफिसला जाताना मी मान वळवून निघे. शेवटी एका सकाळी मी बायकोला सगळे सांगितले. तिने पायांत चपला घातल्या. मग म्हणाली, "चला खाली."

इस्त्रीवाल्याने माझी हकिगत शांतपणे ऐकली. "साडी भरली कशी हुती?"

"कोंबली होती."

"कोंबत्यात व्हय? निऱ्या घालून ठिवायची, म्हंजी सरळ सुटती."

"तेच म्हणते मी," बायको म्हणाली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्या दोघांचे एकमत झाले.

मग इमारतीतले प्रत्येक दार वाजवून, त्याला शेजारी उभे करून, मी तेच वाक्य म्हणालो: "साडी मी फाडली, नाव यांचं खराब केलं. माझं चुकलं, मला माफ करा."